लहर मोजायला सुरतेला

सुरतेहून आलो म्हटलं की आमच्या अमळनेरात पहिला प्रश्न ठरलेला: साड्या काय भावाने आणल्या? मी एकही आणली नाही. कापडबाजाराची पायरीसुद्धा चढलो नाही. मग इतके दिवस केलं काय, असं विचारणाऱ्यांना काय सांगावं हे मला अजून नीट सुचत नाही. खरं उत्तर असं, की मी सुरतेत जवळजवळ सगळा वेळ घाबरलेला होतो.

मी शाळेत गणित शिकवतो आणि उरलेल्या वेळात रेडिओच्या लहरी मोजतो. पेनड्राइव्हएवढा एक रिसीव्हर मिळतो, हौशी लोक त्याला एसडीआर म्हणतात. तो लॅपटॉपला लावून बारीकशी एरियल जोडली, की आजूबाजूला हवेत जे काही रेडिओवर चाललेलं असेल ते पडद्यावर उभ्या रेषांनी दिसतं. कोणती रेषा नेमक्या कोणत्या फ्रिक्वेन्सीवर आहे, ठरल्या जागेपासून किती सरकली आहे, हे काढण्यात माझे रविवार जातात. बायको म्हणते, लहर मोजणारा नवरा जगात एकच असेल आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला. या छंदाचा कोणाला उपयोग होईल असं तिला कधी वाटलं नव्हतं, मलाही नाही.

मग सुरतेहून वहिनींचा फोन आला. माझे थोरले भाऊ, आप्पा, तिथल्या लिंबायत भागात राहतात. आधी लूमवर होते, आता एका डाईंग मिलमध्ये क्रेन चालवतात. क्रेन म्हणजे छताखालच्या रुळावरून फिरणारी, रिमोटवर चालणारी. रंगवायच्या कापडाचे मोठमोठे रोल ती उचलते. त्या क्रेनने एक रोल अचानक खाली सोडला आणि खाली उभ्या असलेल्या गंगाधर नावाच्या कामगाराचा पाय चेपला. आप्पा सांगत होते, मी बटण दाबलंच नाही. मालक म्हणत होता, दाबलं असेल तर कबूल कर, नाहीतर पोलिसात जातो. आणि वहिनी मला विचारत होत्या, भाऊजी, तुमच्या त्या डबड्याने बटण कोणी दाबलं ते कळतं का?

कळतं, असं मी छाती काढून सांगितलं. प्रत्येक रिमोटमध्ये एक बारीक स्फटिक असतो, त्याच्यावर फ्रिक्वेन्सी ठरते. दोन रिमोटवर एकच आकडा छापलेला असला तरी दोन्ही स्फटिक किंचित मागेपुढे असतात. तेवढा फरक नेमका मोजता आला, तर क्रेनला हुकूम कोणत्या रिमोटने दिला हे सांगता येतं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की हुकूम आप्पांच्याच रिमोटने दिला असेल तर तेही कळणार.

लिंबायत

भुसावळकडून येणारी गाडी नंदुरबार, नवापूर करत सुरतेला पोचते. नवापूरच्या पुढे पाट्यांवरची अक्षरं बदलतात, चहा जास्त गोड होतो, आणि डब्यातले निम्मे लोक मात्र अहिराणीतच भांडत राहतात. सुरतेच्या प्लॅटफॉर्मवर उतरताना गर्दीत कोणाचा तरी पाय माझ्या पिशवीवर पडला. आत माझा चांगला रिसीव्हर होता, ऊन असो की थंडी, माप न सरकणारा. त्याची पिन पार वाकली. सोबत एक जुना, स्वस्तातला होता. तो चालत होता, म्हणून मी देवाचे आभार मानले. आभार जरा घाईने मानले, हे नंतर कळलं.

रिक्षावाला आमच्याच भागातला, साक्रीचा निघाला. लिंबायतच्या गल्लीत शिरलो आणि आपण गाव सोडून आलो आहोत की दुसऱ्या वाटेने गावातच परत आलो आहोत, असं झालं. ओट्यावर बाया अहिराणीत बोलत होत्या, पोरं त्यांना गुजरातीत उत्तरं देत होती, आणि या सगळ्याच्या मागे लूमचा खटखटाट. वहिनींनी कळण्याची भाकरी आणि शेवभाजी केली होती. भाजी घरच्यासारखीच जाळ होती, फक्त वाढताना त्यांनी बाजूला थोडी साखर ठेवली. इथे सगळे ठेवतात म्हणे.

आप्पा जेवायला शेजारी बसले तेव्हा माझं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. उजव्या हाताच्या अंगठ्याला त्यांनी कापडाची पट्टी गुंडाळली होती. लागलंय का विचारलं तर म्हणाले, नाही. रिमोटचं बटण दाबलं गेलं तर आपल्याला कळावं, म्हणून बांधली. अपघातानंतरही क्रेन मध्येच आपोआप खाली येत होती, आणि दर वेळी रिमोट त्यांच्याच हातात होता. रोलखाली आता कोणी उभं राहत नसे, एवढंच नशीब. सुपरवायझरने एकदा रिमोट तासभर टेबलावर ठेवून पाहिला, तेव्हा क्रेन हलली नाही. झालं, बटण आप्पाच दाबतात असं मिलमध्ये सगळ्यांनी ठरवून टाकलं.

“मी बटन दाबं नही, सुनील,” आप्पा म्हणाले. “पण आते माले मना बोटवर भरोसा नही राहिना.”

मला त्यांनी सायकल शिकवली, पोहायला शिकवलं. त्यांना आता स्वतःच्या बोटाची भीती वाटत होती.

मिल

सकाळी घरीच मी तयारी केली. मोबाइलच्या टॉवरची फ्रिक्वेन्सी अगदी काटेकोर असते, म्हणून हौशी लोक आपला रिसीव्हर तिच्याशी ताडून पाहतात आणि त्याची जी चूक निघेल ती वजा करतात. तसं केलं. मग आप्पांचा रिमोट मोजला. रिमोट घरी न्यायची परवानगी सुपरवायझरने आदल्या दिवशी कुरकुरत दिली होती. रेषा कुठे उभी राहिली ते नोंदवून घेतलं. जानेवारीचे दिवस होते, गच्चीवर स्वेटर घालून बसावं लागत होतं.

मिलमध्ये शिरलो आणि स्वेटर काढला, मग बाह्या वर केल्या, मग चष्मा पुसत राहिलो. वाफेने पलीकडचा माणूस दिसत नव्हता. जमिनीवरून गुलाबी, हिरवं पाणी वाहत होतं आणि रंगाचा उग्र वास घशात बसत होता. वर छताखाली क्रेनचा आकडा लोंबत होता. मी त्याच्याकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं, तरी मान सारखी वर जात होती.

सुपरवायझर दिनेशभाई भला माणूस वाटला. चहा मागवला, खुर्ची दिली. दुसरा एखादा रिमोट आहे का, असं मी विचारलं तर पटकन म्हणाला, “रिमोट तो एक ज छे, मास्तर.” आणि टेबल पुसायला लागला.

दुपारपाळीचे लोक आले. भिंतीला खुंट्यांची रांग आहे, तिथे त्यांनी शर्ट, पिशव्या, डबे अडकवले आणि कामाला लागले. आप्पांनी क्रेनचा मुख्य खटका वर केला. पट्टी बांधलेला अंगठा बटणापासून लांब धरून ते उभे राहिले. रिकामा आकडा वर होता. मी पडद्याकडे पाहत होतो. एकाएकी एक रेषा उभी राहिली आणि डोक्यावर घर्रर आवाज झाला. आकडा खाली येत होता. कोणीतरी ओरडलं, आप्पांनी धावत जाऊन खटका खाली ओढला. आकडा माणसाच्या डोक्याच्या उंचीवर थांबला आणि हेलकावे खात राहिला.

रेषा थोडा वेळ टिकून गेली. मी तिची फ्रिक्वेन्सी वाचली. सकाळी घरी आप्पांचा रिमोट जिथे मोजला होता, अगदी तिथेच.

  आप्पा माझ्याकडे येत होते, चेहऱ्यावर आशा होती. मी लॅपटॉप मिटला आणि म्हणालो, आज नीट आलं नाही, परवा पुन्हा पाहू. दिनेशभाईंनाही तेच सांगितलं. वाटेत आप्पांनी विचारू नये म्हणून मीच खमण चांगलं मिळतं का, अमुक तमुक बडबडत राहिलो.

तापीकाठी

दुसऱ्या दिवशी आप्पांची सुट्टी होती. गंगाधर मूळचा नांदेडकडचा. त्याची बहीण आणि मेहुणा बारडोलीला ऊसतोडीवर आले होते, आणि दवाखान्यातून सुटल्यावर तो त्यांच्याकडे होता. त्याला भेटून येतो म्हणून आप्पा सकाळच्या बसने गेले. मी येऊ का म्हटलं तर नको म्हणाले. मला सुटल्यासारखं वाटलं. घरात वहिनींच्या नजरेसमोर बसवेना, म्हणून मी शहर पाहायला बाहेर पडलो.

तापीच्या काठाला थंडीत पोंकाचे तंबू लागतात. पोंक म्हणजे आपला हुरडाच, पण आपण तो शेतात, आगटीभोवती बसून, हात काळे करून खातो. सुरतकर खुर्चीवर बसून बशीतून खातात. वर लिंबू-मिरीची शेव, शेजारी गोड साखरगोळ्या आणि ताक. चव फार छान होती, एवढं आठवतं. बाकी मी त्या बशीत पाहत विचार करत होतो, की उद्या काय सांगायचं. मालकाला सांगितलं तर आप्पा पोलिस चौकीत बसतील. नाही सांगितलं तर क्रेन पुन्हा हलेल आणि या वेळी कोणाचा पाय नाही, डोकं जाईल. दोन्ही गोष्टी मला डोळ्यांसमोर दिसत होत्या. पोंक अर्धा टाकून उठलो.

घरी येऊन गच्चीवर गेलो. खोटं का होईना, मापात कुठे चूक निघते का ते पाहावं म्हणून रिसीव्हर लावला आणि टॉवरची रेषा समोर आणून बसलो. पत्र्याला ऊन लागत होतं. वहिनी चहा घेऊन आल्या, त्यांना जागा करून द्यायला मी रिसीव्हर उचलला आणि हात झटकला. तो चटका बसण्याइतका तापला होता.

मी पडद्याकडे पाहिलं. टॉवर तर हलत नाही. पण त्याची रेषा बसल्यापासून हळूहळू सरकत कुठच्या कुठे गेली होती. सरकत होता माझा रिसीव्हर. हे आमच्या छंदातलं पहिलं पान आहे: स्वस्तातला रिसीव्हर तापला की माप बदलतं, म्हणून जागा बदलली, हवा बदलली की पुन्हा ताडून घ्यायचं. मी आप्पांचा रिमोट मोजला थंडीत आणि मिलमधली रेषा मोजली त्या भट्टीत, मधे एकदाही न ताडता. चांगल्या रिसीव्हरची सवय लागली होती, आणि भीतीने उरलंसुरलं डोकंही गेलं होतं.

पण याचा अर्थ आप्पा सुटले असा नव्हता. त्या उकाड्यात रिमोटचा स्फटिकही किती सरकला होता कोण जाणे, म्हणजे मला अजून काहीच माहीत नव्हतं. वहिनी चहाचा कप धरून उभ्या होत्या.

“मंग, यास्नी काही कयं नही ना?” आप्पांनी काही केलं नाही ना, असं त्या विचारत होत्या.

उद्या सांगतो, असं म्हणालो. त्या कप ठेवून खाली गेल्या. आप्पा संध्याकाळी परतले आणि जेवले नाहीत.

पुन्हा मिल

या वेळी रिसीव्हर मिलमध्ये आधी चांगला तापू दिला. टॉवरशी ताडला, लगेच आप्पांना रिमोट दाबायला सांगितला, फ्रिक्वेन्सी टिपली, पुन्हा टॉवरशी ताडला. दिनेशभाईंना वाटलं असेल, मास्तर पूजा मांडतोय. दुपारपाळीचे लोक आले, खुंट्यांवर कपडे चढले, आप्पांनी खटका वर केला. या वेळी सगळे भिंतीला चिकटून उभे होते.

आकडा खाली आला. आप्पांनी खटका ओढला, क्रेन थांबली. पण रेषा पडद्यावर तशीच राहिली. मी घाईघाईने टॉवरशी ताडून फ्रिक्वेन्सी काढली. आप्पांच्या रिमोटपासून ही रेषा चांगली दूर होती. पटेना, म्हणून आप्पांना बटण दाबायला सांगितलं. पहिल्या रेषेच्या शेजारी दुसरी उभी राहिली. त्यांनी बोट काढलं, ती गेली, पहिली तिथेच.

“आप्पा, दुसरा रिमोट आहे,” मी म्हणालो.  आणि आनंद व्हायच्या जागी नवीच भीती वाटली, कारण तो रिमोट या क्षणी याच खोलीत कोणीतरी दाबून धरला होता.

मी एरियल काढून टाकली. एरियल नसली की रिसीव्हर जवळपास बहिरा होतो, अगदी शेजारचंच ऐकतो. लॅपटॉप हातात धरून एकेका माणसासमोरून गेलो. प्रत्येक जण हात पुढे करून दाखवत होता. रेषा कोणाकडेच वाढली नाही. वाढली ती खुंट्यांपाशी. शेवटच्या खुंटीवर एक रेक्झिनची पिशवी होती, तिच्यावर दोन-तीन शर्ट आणि एक जड डबा लटकत होता. रेषा पडद्याच्या वरच्या काठाला टेकली.

पिशवी गंगाधरची होती. अपघाताच्या सकाळी त्याने अडकवली, ती तशीच राहिली. ज्याला कामावर लागलं त्याची वस्तू दुसऱ्याने खुंटीवरून काढायची नाही, काढली तर तो माणूस परत येत नाही, असं त्या मिलमधले कामगार मानतात. नवे आलेले लोक आपले कपडे वरून अडकवत होते. वजन पडलं की पिशवीतलं बटण दाबलं जात होतं. आप्पांनी डबा आणि शर्ट उतरवले. रेषा नाहीशी झाली.

पिशवी उघडा, असं मी म्हणालो. आप्पा नाही म्हणाले. ज्याची आहे तोच उघडेल. मी दिनेशभाईंकडे पाहिलं, त्यांच्या तोंडावर रंग नव्हता.

“आ थेली लई जाओ,” ते हळूच म्हणाले. “में कशुं जोयुं नथी.” म्हणजे मी काही पाहिलंच नाही.

बारडोली

आम्ही त्याच दुपारी बस धरली. बारडोलीच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी ऊस. कारखाना दिसायच्या आधी मळीचा वास येतो, आणि उसाने लादलेल्या ट्रॅक्टरांमागे बस रखडत चालते. मी उगीच म्हणालो, आपल्याकडे यंदा ऊस कमी आहे. आप्पा पिशवी मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसले होते. आता तरी चेहरा खुलेल असं वाटत होतं, पण तो उलट जास्तच ओढलेला दिसत होता. शेवटी मी विचारलं.

“परवा तू डबडं बंद कयं, तवय मी समजी गऊ,” ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले. “मना हातेच व्हयनं, आसं वाटनं. मी काल त्याना पाय धरी उनू.”

म्हणजे आदल्या दिवशी ते गंगाधरचे पाय धरून, चूक माझीच, असं सांगून आले होते. मी त्यांना गच्चीवरचं सगळं सांगितलं, तापलेला रिसीव्हर, सरकलेली रेषा. त्यांना ते किती समजलं कोण जाणे. मला भीती वाटत होती ती वेगळीच. काल स्वतःच्या तोंडाने गुन्हा कबूल केलेल्या माणसाचं आज कोण ऐकणार होतं? भावाने मशीन आणलं आणि भावाला सोडवलं, असंच सगळे म्हणणार. पिशवी गंगाधरची, आणि गंगाधर म्हणाला ही माझी नाही, तर पुढे काय?

ऊसतोडीच्या खोपटांत, पाचटाच्या आडोशाला गंगाधर खाटेवर पडला होता. पायाला प्लास्टर. अगदी तरुण, नुकतं लग्न झालेला. त्याने आप्पांना पाहून उठायचा प्रयत्न केला, मग पिशवी पाहिली आणि तसाच थांबला. आप्पांनी पिशवी त्याच्या शेजारी ठेवली.  त्याची बहीण पाणी घेऊन आली आणि आमची तोंडं पाहून परत गेली.

मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात गंगाधरनेच चेन ओढली. जेवणाचा डबा निघाला, एक टॉवेल निघाला, आणि खालून रिमोट. आप्पांच्यासारखाच, फक्त कमी घासलेला. आप्पा चहाला गेले की काम थांबू नये म्हणून दिनेशभाईंनी तो त्याला गुपचूप दिला होता, आणि मालकाला कळलं तर दोघांची नोकरी जाईल असं बजावलं होतं. त्या सकाळी तो पिशवीतच राहिला, वर कोणीतरी डबा अडकवला. दवाखान्यात पडल्यापडल्या गंगाधरला सगळं उमगलं. पण आपल्याच पिशवीने आपला पाय मोडला असं ठरलं तर औषधपाण्याला कोणी विचारणार नाही, म्हणून तो गप्प राहिला.

हे सांगताना तो माझ्याकडे पाहत होता. मग तो आप्पांकडे वळला.

“आप्पा, काल तुम्ही माझ्या पायाला हात लावलात,” तो म्हणाला. “मला सगळं ठावं होतं. तरी मी लावू दिलो.”

आप्पा रागावतील असं मला वाटलं, आणि त्यांनी रागवावं असंही वाटलं. ते खाटेच्या कडेला बसले. अंगठ्याची पट्टी सोडायला लागले, पण एका हाताने गाठ निघेना.  गंगाधरने पुढे वाकून त्यांचा हात आपल्या हातात घेतला, गाठ नखाने सैल केली आणि पट्टी उलगडली. आतला अंगठा पांढराफटक पडला होता.

मग त्याने उशाखालून फोन काढला आणि थेट मालकाला लावला. घंटी वाजत असताना तो आप्पांना म्हणाला, तुम्ही इथंच बसा, एकट्याने बोलायचा मला धीर नाही. आप्पांनी त्याचा हात सोडला नाही.